खिडकीपाशी ठेवलेलं चित्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि ज्या बाईंच्या घरी मी अजून दर महिन्याला जाते, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता ते आत मावत नाही म्हणून.

पण आधी बाईंबद्दल सांगू दे. बाई कळल्या नाहीत तर मी काय केलं तेही कळणार नाही.

राऊत बाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी दांडी गावची. वडील बोटीवर, आई मासळी सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. माझ्या युनिफॉर्मला सुक्या बोंबलांचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली बाकावर जरा सरकून बसायच्या. बाई सरकल्या नाहीत. पहिल्याच तासाला माझ्या बाकावर येऊन टेकल्या आणि विचारलं, "तुझ्या घरासमोर बोंबील वाळतात ना? कुठल्या रंगाचे असतात?"

मी म्हटलं, पांढरे.

"उद्या नीट बघून ये."

मी बघितलं. कडेला गुलाबी होते. उन्हात पिवळट. आणि एकमेकांच्या सावलीत — खरंच सांगते — निळे! शाळा भरायच्या आधीच धावत जाऊन बाईंना सांगितलं, तेव्हा त्या ज्या हसल्या ना... ते हसू मला अजून हवं असतं. चाळिशीला आलेली बाई मी, दोन मुलांची आई — अजून हवं असतं.

शाळा सुटल्यावर त्या मला चित्रकलेच्या खोलीत बसू द्यायच्या. स्वतःचे रंग द्यायच्या, पार पिळून चपट्या झालेल्या ट्यूब कापून आतला रंग काढून द्यायच्या. आई नाही म्हणेल म्हणून एकदा त्या दांडीला आमच्या घरी आल्या. मासळीच्या टोपल्या बाजूला करून ओट्यावर बसल्या. आई म्हणाली, "आमाला चित्रातलं काय कळत नाय, बाई. पन तुमी सांगता तर बसू द्या तिला." त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की बाई माझ्या आहेत. माझ्या एकटीच्या.

मग सुनीता आली.

माझ्यापेक्षा एक वर्ग खाली. कुंभवलीला चाळीत राहायची. वडील तिकडच्या एका कारखान्यात पाळीवर, मूळ गाव दूर उत्तरेत. मराठी बोलताना अडखळायची आणि अडखळली की ओठ चावायची. मला 'दीदी' म्हणायची. खडूचा तुकडा मिळाला तरी जमिनीवर काहीतरी काढत बसायची — आणि जे काढायची ते हलायला लागेल असं वाटायचं. मला ते पहिल्या दिवशी कळलं. बाईंना कळायच्या आधी, बहुतेक.

आता शाळा सुटल्यावर खोलीत आम्ही दोघी. बाई माझ्या कागदावरून नजर फिरवायच्या, म्हणायच्या, "छान, वैशू." आणि सुनीताच्या कागदापाशी थांबायच्या. नुसत्या उभ्या राहायच्या, काही न बोलता. माझ्या चित्रापाशी त्या कधी अशा गप्प उभ्या राहिल्या होत्या का? मी आठवून आठवून बघायची.

बाईंनी माझं काहीच काढून घेतलं नव्हतं, हे आज मला दिसतं. त्या माझ्याशी तशाच होत्या. पण तेव्हा मला सगळं हवं होतं.

त्या पावसाळ्यात पालघरला शाळांचं चित्रप्रदर्शन होतं. मी दांडीच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढल्या. सुनीतानं वडील काढले. रात्रपाळी करून आलेले, दुपारी जमिनीवर चटईवर झोपलेले, डोळ्यांवर आडवा हात. आई स्टोव्हपाशी पाठमोरी, धाकटा भाऊ भांडं न वाजवता पाणी पितोय. अख्खं घर त्या एका माणसाच्या झोपेला जपतंय — असं चित्र. मी ते पाहिलं आणि माझ्या होड्या मला कॅलेंडरवरच्या वाटायला लागल्या.

त्या चित्राचं महत्त्व मला माहीत होतं, हेही सांगायला हवं. दिवाळीनंतर सुनीताला गावी आजीकडे पाठवायचं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं. मुलगी मोठी होतेय, शाळा पुरे. बाई कुंभवलीला जाऊन त्यांना भेटल्या. ते काही ऐकेनात. शेवटी बाई म्हणाल्या, "एकदा पालघरला येऊन तिचं चित्र बघा, मग काय ते ठरवा." ते हो म्हणाले. बाईंनी हे मला सांगितलं, कारण बाई मला सगळं सांगायच्या.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात बाईंना मीटिंग होती. खोलीची चावी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "चित्रं वाळली की कपाटात ठेव आणि कुलूप लाव." सुनीता घरी गेली होती. मी सगळी चित्रं कपाटात ठेवली. तिचं ठेवलं नाही. ते मी खिडकीखालच्या बाकावर ठेवलं. आणि खिडकी उघडली.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. मी ते बघितलं. कुलूप लावलं आणि घरी गेले. जेवले. झोपलेसुद्धा.

कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत आले, की पाणी पावसानं टाकलं, मी नाही. पण खिडकी काय पावसानं उघडली होती?

सकाळी बाई तो कागद दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. वडिलांचं अंग आणि चटई एकमेकांत वाहून गेली होती, हात कुठला आणि चेहरा कुठला कळत नव्हतं. सुनीता रडली नाही, नुसती ओठ चावत राहिली. रडले मी. जोरात. आणि बाईंनी — माझ्या पाठीवरून हात फिरवला! "तुझा काय दोष, वैशू? एवढ्याशा पोरीवर सगळं टाकून गेले मी. खिडक्या मी बघून जायला हव्या होत्या."

तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. पण पाठीवर तो हात होता, आणि तो हात तिथून जायला नको होता.

सुनीतानं चित्र पुन्हा काढायचा प्रयत्न केला. जमेना. पालघरच्या हॉलमध्ये माझ्या होड्या लागल्या. तिचे वडील अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळ्या भिंती बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इसका वाला कहाँ है?" बाई त्यांना समजावायला लागल्या — पाऊस, खिडकी, स्वतःची चूक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोई बात नहीं, मैडम. बच्चों का खेल है." असं म्हणाले आणि निघून गेले. परतीच्या एसटीत सुनीता माझ्या शेजारी बसली. मी पूर्ण रस्ता तिचा हात धरला होता. का धरला होता? मला खरंच माहीत नाही.

दिवाळीनंतर ती आली नाही.

बाई पुन्हा माझ्या एकटीच्या झाल्या. माझ्याच कागदापाशी यायच्या, जास्त वेळ थांबायच्या. पण त्यांची नजर कागदावर असली, तरी त्या तिथे नसायच्या. मी पुढे शिकले. बोईसरला छपाईच्या एका दुकानात डिझाइनचं काम करते, वाढदिवसांचे बॅनर, लग्नपत्रिका. होड्या पुन्हा काढल्या नाहीत.

बाई आता निवृत्त होऊन शिरगावला असतात. मी महिन्यातून एकदा जाते, ताजी मासळी नेते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही माझी विद्यार्थिनी. इतकी वर्षं झाली, मला विसरली नाही." मी खाली बघते. लोकांना वाटतं, लाजते.

गेल्या महिन्यात मी गेले तर बाई दारातच उभ्या. "वैशू, ओळख कुणाचा फोन आला होता? सुनीताचा!" शाळेतल्या कुणाकडून तरी तिनं नंबर मिळवला होता. बाई बसायला तयार नव्हत्या. "मी तिची माफी मागितली," म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी का होईना. हसली गं ती. म्हणाली, बाई, आप अभी तक वही सोचती हैं?" त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझी आठवण काढत होती. थांब, लावून देते."

मी नको म्हणेपर्यंत फोन लागलाही होता.

"वैशाली दीदी?" आवाज ओळखीचा नव्हता, पण 'दीदी' तशीच. ती भरभरून बोलत होती. वडील गेले. दोन मुली आहेत, धाकटी भिंती रंगवते म्हणून सासू ओरडते. मग म्हणाली, "उस दिन बस में आपने मेरा हाथ पकड़ा था. मैं आज तक नहीं भूली, दीदी."

समोर बाई उभ्या होत्या. दोघी होत्या, एक कानाशी आणि एक डोळ्यांसमोर. याहून सोपी वेळ कुणाला मिळते?

मी म्हटलं, "हां, याद है."

मग तिनं जरा अडखळत विचारलं, "दीदी, मेरा कोई चित्र आपके पास है क्या? एक भी? बेटियों को बोलती हूँ कि मैं बनाती थी, तो हँसती हैं. मानती नहीं."

बाई माझ्याकडे आशेनं बघत होत्या.

"नहीं, सुनीता," मी म्हटलं. "एक भी नहीं है."

त्या दिवशी मी तिच्याशी एवढंच खरं बोलले.