वाक्यात उपयोग करा

ती सायवनहून आमच्या नरपडच्या वाडीत चिकू निवडायला यायची. क्रेटला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर इंग्रजी शिकवणारा कार्यक्रम चालू असायचा. दोन माणसं सावकाश बोलायची: आजची तरुण मुलं, नोकरी, कामाचा ताण. ऐकता ऐकता तिचा हात बारीक चिकू न बघताच बाजूला काढायचा. रोज एक शब्द उचलून ती त्याचं वाक्य मला म्हणून दाखवायची. मी वाडीचा मालक, पण जन्म इंग्रजीच्या मास्तरकीत गेलेला. चूक दिसली की राहवत नाही.

"शेठ, ओव्हरटाइम. आय डू ओव्हरटाइम, नोबडी सी."

"नोबडी सीज."

दुसऱ्या दिवशी, "बर्नआउट. माय बॅक हॅज बर्नआउट."

"पाठीला नाही होत ते. माणसाला होतं."

"माणसालाच झालंय," ती म्हणाली आणि पुढचा चिकू उचलला.

मग एका सोमवारी, "शेठ, नोटीस पिरियड. माय नोटीस पिरियड इज वन मंथ."

"शाब्बास! एकही चूक नाही."

महिना भरला त्या दिवशी तिचं घमेलं धुऊन पालथं ठेवलेलं होतं. तलासरीला कुठल्याशा कंपनीत लागली म्हणे.

न सांगता गेली, असं काही मला म्हणता येत नाही.