मंदाताईंची एफडी

नोटा मोजून मोजून सीमंतिनी गर्देच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की हजेरीच्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नसे. रोज सकाळी पदराला पुसून, फुंकर मारून ती तो पुन्हा पुन्हा दाबायची, आणि मागे उभी असलेली नवी पोरं "मॅडम, जरा जल्दी" म्हणायची.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, दाना ओली या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बँकेत कॅशच्या खिडकीवर तिची उमर निघून गेली. बढती आली होती, पण बढती म्हणजे बदली, आणि तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. सासू गेली तोवर बढतीचं वय सरलं. मुलगा अपूर्व नोकरीसाठी गुडगावला गेला तो तिकडचाच झाला. घरी नवरा बळवंत आणि टीव्ही. खिडकीवर लोक नोटांकडे बघायचे, तिच्याकडे नाही. सर्वर बंद पडला की शिव्या मात्र तिलाच. फाटकी नोट परत केली की तीच उर्मट. आणि वरून साहेबाचा धोशा, की पैसे काढायला आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात एक विमा पॉलिसी मारा.

तिच्याकडे बघून बोलणारं एकच माणूस होतं, मंदाताई जगदाळे. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, सत्तरीपार. आजोबा इथल्या संस्थानाच्या फौजेत होते हे त्या अजून ताठ मानेनं सांगत. पेन्शन आली की त्या मुद्दाम खिडकीवर येत.

"ताई, एटीएममधून का नाही काढत? थंडीत कशाला चालत येता?" सीमंतिनी विचारायची.

"एटीएमला मराठी कुठे येते गं?" त्या म्हणायच्या. "आता घरात बोलायला भिंती. इथे येऊन चार शब्द तुझ्याशी बोलते, तेवढंच तोंड धुतल्यासारखं वाटतं."

जानेवारीतली गोष्ट. सकाळपासून दाट धुकं होतं. मंदाताई खिडकीवर आल्या तेव्हा पेन्शनचा दिवस नव्हता. अंगावर शाल नव्हती, पायात घरातल्या चपला. पर्स छातीशी घट्ट धरलेली.

"या ताई! आज काय इकडे?"

मंदाताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "मैडम, मुझे अपनी एफडी तुड़वानी है. पूरी."

सीमंतिनीला आधी थट्टाच वाटली. "अहो ताई, हे काय नवीन? हिंदीत काय बोलता माझ्याशी?"

"हिंदी में ही बात कीजिए मैडम. पैसा इस खाते में भेजना है." त्यांनी चिठ्ठी आत सरकवली. खातं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं, लांबच्या राज्यातल्या शाखेतलं. एफडी चौदा लाखांची होती. वडिलोपार्जित घरातला हिस्सा भावाला देऊन जे मिळालं ते, आणि शाळेचे निवृत्तीचे, असं सगळं मिळून. त्याच्या व्याजावर त्यांचं औषधपाणी चालायचं.

चिठ्ठीवरची अक्षरं थरथरलेली होती. ज्या बाईनं चाळीस वर्षं मुलींकडून सरळ रेघा मारून घेतल्या, तिची ही अक्षरं. डिजिटल अरेस्टच्या बातम्या सीमंतिनीनं वाचल्या होत्या. फोनवर खोटे पोलीस येतात, म्हाताऱ्या माणसांना घाबरवतात, दिवसरात्र फोन चालू ठेवायला लावतात. ती काचेजवळ झुकली. "ताई, पर्समध्ये फोन चालू आहे का? नुसती मान हलवा."

मंदाताईंची मान हलली नाही. डोळे मात्र भरून आले. मग त्या एकदम चढ्या आवाजात बोलल्या, "मेरा पैसा है. आपको क्या तकलीफ है?"

रांगेतली माणसं चुळबुळू लागली. सीमंतिनी उठून तोमर साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तोमर शाखेचे व्यवस्थापक, वयानं तिच्याहून पुष्कळ लहान.

"सर, कुछ गड़बड़ है. मैं इन्हें बीस साल से जानती हूँ. ये मुझसे कभी हिंदी में नहीं बोलतीं."

तोमर तिच्याकडे पाहतच राहिले. "हिंदी में बोल रही हैं, ये गड़बड़ है?"

तिनं खात्याचं नाव सांगितलं, थरथरत्या अक्षरांचं सांगितलं. तोमर बाहेर आले आणि त्यांनी मंदाताईंना अदबीनं विचारलं, "माताजी, कोई दबाव तो नहीं है?" मंदाताई म्हणाल्या, नाही, भाच्याला धंद्यासाठी द्यायचेत. तोमर सीमंतिनीकडे वळले. "पिछले साल वाला भूल गईं क्या?"

ती कशी विसरेल? गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या सराफाला तिनं असंच अडवलं होतं, इतकी रोकड कशाला हवी म्हणून. त्याची मुलं शाखेत येऊन तमाशा करून गेली, वर तक्रार झाली, आणि तिला लेखी माफी मागावी लागली. ग्राहकाचा पैसा, ग्राहकाची मर्जी, असं तेव्हा सगळ्यांसमोर ऐकवलं होतं.

ती खिडकीवर परतली. पोलिसांना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण म्हणायचं काय? एक बाई हिंदीत बोलते आहे? तिनं एफडी मोडली, पैसे पाठवायची नोंद केली, तोमरांनी आतून मंजुरी दिली. पावती घेताना मंदाताईंची बोटं तिच्या बोटांना लागली. बर्फासारखी गार होती.

दोन दिवसांनी मंदाताई पुन्हा आल्या. सोबत भाचा समरजीत, देवासहून धावत आलेला. सगळं बाहेर आलं. कुणीतरी दिल्लीचा पोलीस अधिकारी म्हणून व्हिडिओवर दिसला होता, तुमच्या आधारवर गुन्हा झालाय म्हणाला होता, पैसे सरकारी खात्यात तपासून परत करू म्हणाला होता. तक्रार नोंदवली गेली. पण तोवर पैसा दहा खात्यांतून फिरून नाहीसा झाला होता.

समरजीतनं काचेवर थाप मारली. "मावशी रोज तुमचं नाव काढते! तुम्हाला कळलं कसं नाही? आँखें बंद करके बैठती हैं क्या आप लोग?"

सीमंतिनीनं त्याला व्यवहाराची नोंद छापून दिली. खरं बोलली असती तर तोमरांचं नाव आलं असतं, आणि तोमर आधीच त्यांचं म्हणणं लिहून मोकळे झाले होते की काउंटरवरून मला काहीही सांगण्यात आलं नाही. आठवड्याभरात वरून तिच्या नावावर खुलासा मागवणारं पत्र आलं. युनियनचे कान्होजी मोहिते चहा पाजून म्हणाले, "वहिनी, शक आला होता असं लिहाल तर विचारतील, मग पैसे पाठवलेच का? नोकरीचे शेवटचे दिवस आहेत. पेन्शन अटकेल. लिहा, काही संशयास्पद वाटलं नाही."

"पण मला वाटलं होतं."

"ते घरी जाऊन बळवंतभाऊंना सांगा. कागदावर नको."

घरी तिनं बळवंतला सांगितलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कान्होजी बरोबर बोलतोय. तू लिहून टाक न." तिनं लिहून टाकलं. चौकशी मिटली. वार्षिक शेऱ्यात दक्षतेचा अभाव एवढंच आलं.

फेब्रुवारीत मंदाताई पेन्शनला आल्या. एकट्याच. खिडकीशी गर्दी नव्हती. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो फोनवर ऐकत होता गं. म्हणाला, हिंदीच बोलायचं, दुसरी भाषा ऐकू आली तर घरी येऊन पकडून नेऊ. मी मनात म्हटलं, बरंच झालं. सीमंतिनी ओळखेल. मी हिंदीत बोलले की तिला कळेलच काहीतरी बिघडलंय." त्यांनी चष्मा काढला. "तुला खरंच काही कळलं नाही?"

दोन हातांच्या अंतरावर कॅमेरा होता, शेजारच्या टेबलावर नवा क्लार्क बसला होता, आणि तिच्या सहीचा कागद वरच्या ऑफिसात होता. सीमंतिनी म्हणाली, "नाही हो ताई. नाही कळलं."

मंदाताईंनी मान डोलावली. "असो. तुझी तरी काय चूक," म्हणाल्या आणि पैसे न मोजता पर्समध्ये टाकून निघून गेल्या. पायरी उतरताना त्यांनी दाराला धरलं, ते तिला आतून दिसलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे ती पुढे कितीतरी रात्री अंथरुणावर पडून घोळवत राहिली. कळलं होतं म्हणून सांगणं जास्त क्रूर, की कळलं नाही म्हणणं? मंदाताई पुढच्या महिन्यात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी समरजीत खातं देवासच्या शाखेत हलवायचा अर्ज घेऊन आला. मावशीनं खोली सोडली, म्हणाला. आता त्याच्याकडेच राहणार, पोरांच्या खोलीत. चालणं कमी झालंय, बोलणंही.

"त्या आल्यात का?" सीमंतिनीनं विचारलं.

"बाहेर गाडीत आहेत. आत नको म्हणाल्या," म्हणून अर्जाची पोच घेऊन तो निघाला.

खिडकीवर पेट्रोल पंपाची रोकड नुकतीच येऊन पडली होती. तशी उघडी टाकून उठता येत नव्हतं. तिनं भराभर गड्ड्या आत ढकलल्या, ड्रॉवरला कुलूप लावलं, कॉम्प्युटर बंद केला, रांगेतल्या माणसांचा ओरडा मागे टाकून ती दाराशी पोचली. बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. फूलबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, गाड्या एकमेकींना खेटून चालल्या होत्या. त्यातली मंदाताईंची गाडी कोणती, तिला कळलं नाही.