बाईंचा चोरटा शब्दसंग्रह

पारनेरला आमच्या शेजारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. मुलगा हाँगकाँगला, सून तिथलीच. म्हणून बाई मोबाईलवरून तिथली कँटोनीज भाषा शिकतात. पण 'जेवण', 'पाणी' असले शब्द सोडून शिकतात काय, तर 'गुपचूप', 'लपूनछपून', 'चोरपावलांनी'! मेथी निवडता निवडता मोठ्यानं घोकतात आणि माझ्याकडूनही म्हणून घेतात. "ग्वाय-स्यू, म्हणजे चोरटं वागणारा. म्हण. अगं, जीभ सैल सोड की!" मला वाटायचं, असेल म्हातारपणाचा चाळा.

काल व्हिडिओ कॉलवर आम्ही त्यांचा नातू बघत होतो. सून शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे वळून काहीतरी बोलली. त्यात 'ग्वाय-स्यू' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. बाई मात्र काहीच न कळल्यासारख्या हसत हात हलवत होत्या.

कॉल संपल्यावर मी चाचरत म्हटलं, "बाई, ती तुम्हाला..."

"मलाच. तिथं होते तेव्हा रोज ऐकायचे, म्हणून तर शिकले. तिची नजर चुकवून बाळाच्या कानामागं तीट लावायचे ना मी."

बाईंनी मेथीची जुडी पुढं ओढली.

"शब्द मात्र बरोबर वापरते हो पोरगी."