ओटकामावशीचे तीन तास

व्हिएन्नाहून येणारी बोट ब्रातिस्लाव्हाच्या धक्क्याला लागली की सगळ्यांत पुढे ओटकामावशी उभी असायची. उंची जेमतेम पाच फूट, अंगात बारा महिने तोच राखाडी कोट आणि आवाज असा की नदीपलीकडच्या माणसाने वळून बघावं. पूर्ण नाव ओतिलिया ब्राउनस्टाइनोवा, पण एवढं लांबलचक नाव घ्यायच्या फंदात गावात कुणी पडत नसे.

बोटीतून उतरायचे ते अमेरिका, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियातून आलेले ज्यू प्रवासी. सहलीचं नाव 'ज्यू वारसा : तीन राजधान्या'. व्हिएन्नात तीन दिवस, बुडापेस्टात चार दिवस आणि मधल्या ब्रातिस्लाव्हात तीन तास. मावशी पहिल्या वाक्यालाच सगळ्यांना सुनावायची, "तुर्कांनी बुडा घेतलं तेव्हा हंगेरीचे राजे मुकुट चढवायला आमच्या गावात यायचे. अडीचशे वर्षं राजधानी होतो आम्ही. तुमच्या कंपनीने तीन तास दिलेत. तेव्हा बुटांच्या नाड्या बांधा आणि फोटो कमी काढा."

मावशीचा जन्म शेहेचाळीस सालचा. तिची आई माल्विना नाझींच्या छावणीतून एकटी परतली होती. सासर-माहेरचं मिळून एकही माणूस उरलं नव्हतं. लग्न पुन्हा केलं, मुलगी झाली, नवराही सहा वर्षांत गेला. माल्विना घरी बसून लोकांचे कपडे शिवायची आणि शनिवारी दुपारी पोरीचा हात धरून ज्यू गल्लीतून फिरायची. प्रत्येक दारापाशी थांबून सांगायची, इथे वाइस राहायचा, हातमोजे शिवणारा. इथे विधवा लोवी, बदकाची चरबी विकायची आणि मापात मारायची. इथे दोन भाऊ, एका जिन्यावरून वीस वर्षं अबोला. सांगताना ती कधी रडली नाही. चिडायची. जणू ती माणसं न सांगता निघून गेली आणि जाताना दार उघडं टाकून गेली.

एकोणसत्तर साली ओटका तेवीस वर्षांची होती आणि एका सरकारी कार्यालयात नकाशे काढत होती. नदीवर नवा पूल होणार होता. त्याचा रस्ता ज्यू गल्लीच्या एका अख्ख्या बाजूवरून जाणार होता. घरं, दुकानं आणि मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, सगळं पडणार होतं. साहेबांनी जुना नकाशा तिच्यापुढे टाकला, "ही घरं काढून टाका. सरळ रस्ता दाखवा."

तिने रस्ता काढला. इतका सुबक की साहेबांनी लांबूनच मान डोलावली. जवळून बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. रस्त्याच्या मधोमध, बारीक अक्षरात, न पुसणाऱ्या शाईने घरोघरची नावं लिहिली होती.

"हे काय आहे?"

"रस्त्यावरची माणसं, साहेब."

"तिथे आता कुणी राहत नाही."

"का राहत नाही, ते लिहायला कागद पुरला नाही."

आठवड्याच्या आत तिची बदली एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात झाली. चादरी, रुग्णांचे सदरे, वाफ आणि साबण. घरी येऊन तिने आईला सांगितलं. माल्विनाने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "बरं झालं. निदान तिथे घाण धुतात तरी."

तिथे तिची वीस वर्षं गेली. माफीचा अर्ज लिहून दे, परत घेतो, असं दोनदा सांगून पाहिलं गेलं. तिने दोन्ही वेळा कोरा कागद सही करून पाठवला.

मग राजवट बदलली, सीमा उघडल्या आणि परदेशातून ज्यू लोक आपल्या आज्या-पणज्यांची गावं शोधत यायला लागले. जर्मन आणि हंगेरियन तिला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. इंग्रजी ती धुलाईखान्यात रेडिओ ऐकून शिकली होती. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तिने परीक्षा देऊन गाइडचा परवाना काढला. पुढे पंचवीस वर्षं सगळं नीट चाललं.

मग कंपनीत राडोवान आला. पस्तिशीचा, नेटका, हसतमुख माणूस, वाईट अजिबात नाही. त्याने मावशीला कॉफी पाजली आणि विषय काढला.

"बाई, लोकांचे अभिप्राय वाचले मी. सिनेगॉगच्या जागेचं स्मारक आवडतं, रब्बींची समाधी आवडते, खसखशीचे रोल तर फारच आवडतात. पण तुम्ही त्यांना त्या हमरस्त्याच्या कडेला पाऊण तास उभं करता. तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही."

"तेच म्हणतोय मी!"

"मीही तेच म्हणते. म्हणून तर उभं करते."

राडोवानने कपाळ चोळलं. "हे बघा, व्हिएन्नाची गाइड असं करत नाही. बुडापेस्टची करत नाही."

"त्यांची सिनेगॉगं दाखवायला आहेत, राडोवान. मला जे नाही तेच दाखवावं लागतं. त्याला वेळ लागतो."

पुढच्याच मंगळवारी तो स्वतः सहलीबरोबर आला. अठ्ठावीस माणसं होती. स्मारक झालं, समाधी झाली, आणि राडोवानने धक्क्यावर परत नेणाऱ्या बसकडे हात केला. मावशी उलट्या दिशेने चालू लागली. सवयीने सगळे तिच्या मागे गेले. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कठड्यापाशी ती थांबली. गाड्या कानठळ्या बसवत जात होत्या.

"सतरा नंबर," तिने सुरुवात केली, "वाइस, हातमोजेवाला, बायको आणि पाच मुलं. एकोणीस नंबर, विधवा लोवी…"

ब्यूनस आयर्सहून आलेला हाकोबो नावाचा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "बाई, माझी माणसं पोलंडची. या वाइसशी माझा काय संबंध? इथे ऊन केवढं आहे!"

"तुमचा नाही म्हणून कुणाचाच नाही का?" मावशी म्हणाली. "वाइसचं कुणीच उरलं नाही. आज तुम्ही आलात, तुम्ही ऐका. पोलंडात तुमच्या घरापुढे उभं राहून कुणी तरी असंच ऊन सोसत असेल."

राडोवान पुढे आला, "मंडळी, बस दहा मिनिटांत निघेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी या." सतरा जण चुळबुळत निघाले. अकरा थांबले. त्यांत हाकोबो होता. वळणावर थांबलेल्या गाडीतून एकाने हॉर्न वाजवला आणि ओरडला, "ए आजी, गर्दी हटव तिथून!"

"तूच हट!" मावशीने ओरडून सांगितलं. "तू गोल्डबर्गरांच्या स्वयंपाकघरात गाडी घातली आहेस!"

अकराच्या अकरा जण हसले. इतक्या वर्षांत त्या कठड्यापाशी पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

सगळी नावं संपली तेव्हा हाकोबोने खाली वाकून एक खडा उचलला आणि कबरीवर ठेवतात तसा कठड्यावर ठेवला. त्याचे डोळे भरले होते. मावशीने तो खडा उचलून परत त्याच्या हातात कोंबला.

"कबरस्तान पलीकडे आहे. हे कबरस्तान नाही. इथे लोक राहायचे. भांडायचे, उसनं मागायचे, मापात मारायचे. इथे दगड नाही ठेवायचा."

"मग काय करायचं?"

"भूक लागली असेल तर खा." तिने पिशवीतून रोल काढले, आणि वाहत्या रस्त्याकडे तोंड करून बारा माणसांनी उभ्या उभ्या खाल्लं.

बस निघून गेली होती. ते सगळे चालत धक्क्यावर पोचले तेव्हा बोट वीस मिनिटं खोळंबली होती. संध्याकाळी राडोवानचा फोन आला. त्याचा आवाज खरंच दुःखी होता. "बाई, माझा नाइलाज आहे."

"माझाही," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी ती धक्क्यावर हजर होती. कंपनीची नवी गाइड निळी छत्री घेऊन उभी होती. तिच्यापासून चार हातांवर मावशी, गळ्यात परवाना आणि हातात पुठ्ठा. पुठ्ठ्यावर गावाचं जुनं जर्मन नाव घालून लिहिलं होतं : 'ज्यूंचं जुनं प्रेसबुर्ग. तीन तास. बघायला काही नाही.'

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या खेपेला टोरांटोच्या दोन नर्स बहिणी आल्या, केवळ कुतूहलाने. तिसऱ्या खेपेला कुणीच नाही, वर पाऊस. शेजारीण म्हणाली, "ओटकामावशी, एकाहत्तर वय झालं. कुणाला दाखवतेस हा हट्ट?" मावशी म्हणाली, "मलाच. मला रोज बघावं लागतं ना आरशात."

मग जुलैत एकदम नऊ जण उतरले आणि थेट तिच्याकडे आले. ब्यूनस आयर्सच्या एका मंडळाचे होते. हाकोबोने तिथे सगळ्यांना बजावलं होतं म्हणे, छत्रीच्या मागे जाल तर माझ्याशी बोलू नका. ऑगस्टमध्ये छत्रीच्या मागे बारा असले तर पुठ्ठ्याच्या मागे वीस असायचे.

सप्टेंबरात राडोवान स्वतः घरी आला. येताना अक्रोडाचा केक आणला होता.

"बाई, परत या. तीनातला दीड तास तुमचा, बाकी लोकांना खरेदीला."

"तीन."

"दोन. आणि रस्त्यापाशी पंधरा मिनिटं."

"राडोवान, सतरा नंबरपासून एकसष्टपर्यंत विषम घरं किती होतात?"

त्याने मनातल्या मनात मोजलं. "तेवीस."

"पंधरा मिनिटांत बसव. कुणाला वगळायचं ते तूच सांग. नाव घेऊन सांग."

त्याने केकचा खोका तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "बोटीची वेळ बदलून घेतो."

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मावशीचे गुडघे गेले आहेत, तरी ती अजून काठी टेकत गट घेऊन जाते. बस आता कठड्याच्या अलीकडे थांबते. राडोवान कधीकधी सोबत येतो आणि मागे उभा राहतो. या वसंतात मावशीला खोकल्याची ढास लागली आणि ती एकतिसाव्या नंबरवर अडली. मागून राडोवानचा आवाज आला, "श्पिट्झर, घड्याळजी. आई आणि आंधळी बहीण."

मावशीने वळून पाहिलं. "आंधळी नाही, बहिरी," ती म्हणाली. "नीट पाठ कर."