लेझरच्या आरशाला कुंकू

पडद्यावर ठिपका येत नव्हता. तपासायला आलेले साहेब प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होते. मी धपाट्यांचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, आणि हे कुणामुळं झालं ते एकट्या मला कळलं होतं.

"मॅडम, पंप गेला का?"

"पंप बराबर आहे, नाझनीन. परत बघ."

वर्षा माझी सून. जालन्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. नाझनीन तिची विद्यार्थिनी. माझ्या गावच्या, केदारखेड्याच्या बाया फोनवर विचारतात, सून दिवसभर करते काय? म्हणून हे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा मला कळलं तेवढंच सांगते. पंपानं हवा काढलेल्या काचेच्या डबीत एका धातूची वाफ असते. तिचे अणू सैरावैरा पळतात. सहा बाजूंनी लेझरचा उजेड मारला की त्यांचं पळणं कमी होतं, ते गार पडतात आणि मधोमध गोळा होतात. पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. उजेडानं वस्तू गार होते हे मला वर्षभर पटलं नाही. अजूनही निम्मंच पटलंय.

त्या दिवशी साहेबांना ठिपका दिसला तर प्रयोगशाळा चालणार, नाही तर टाळं. टाळं लागलं तर वर्षा पुण्याची नोकरी धरणार, हे घरी ठरलं होतं. म्हणजे माझं बोचकं दुसऱ्यांदा बांधायचं.

पहिल्यांदा बांधलं तेव्हा मालक जाऊन वर्ष झालं होतं आणि माझे गुडघेही गेले होते. दारात टेम्पो उभा होता. जाऊबाई रडत होत्या आणि मी टेम्पोवाल्यावर ओरडत होते, पाटा-वरवंटा सामानाच्या तळाशी ठेव म्हणून. इथं जालन्यात तिसऱ्या मजल्यावर पाट्यावर वाटायला घेतलं की खालची बाई वर येते. आता मिक्सर आहे. चटणी चांगली होते, खोटं कशाला बोलू?

तर खंडेनवमीला वर्षानं मला यंत्राच्या पूजेला नेलं. यंत्र बंद होतं. सगळ्यांनी बाहेरच्या पेटीला हळद-कुंकू वाहिलं. मला ते काही पटलं नाही. आपण नांगराला कुंकू लावतो, नांगरावरच्या गोणपाटाला नाही. सगळे पेढे खायला वळले, तसा मी पेटीच्या मागून हात घातला आणि आतल्या एका छोट्या आरशाला बोट टेकवलं. चांगलं दाबून. माझी माय म्हणायची, "अनसे, तुझ्या हाताला लगाम न्हाई." माय गेली, हात तसाच राहिला.

दसऱ्याला कॉलेज बंद. दुसऱ्या दिवशी साहेब हजर. वर्षा न खाताच गेली म्हणून मी डबा घेऊन आले, तर हा प्रकार. खोलीत अंधार, दोघींच्या डोळ्यांवर रंगीत चष्मे. त्यांना कुंकू दिसणार कसं? गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

"वर्षा, मी कुंकू लावलं."

"कशाला?"

"आरशाला."

"आत्याबाई!" वर्षा खालीच बसली.

"आजी, रागवायचं नंतर बघू. कोणत्या आरशाला? जल्दी सांगा!"

"मागच्या. एकदम खालच्या."

वर्षानं लेझर बंद केला, पातळ कागद औषधात बुडवला आणि एकदाच पुसलं. मंग कागद बदलला, परत पुसलं. बोटानं आरसा हललाही होता. तिनं लेझर परत लावला आणि स्क्रू केसभर फिरवला. बाहेर साहेबांच्या चपला वाजायला लागल्या.

"आला! मॅडम, आला!" नाझनीन ओरडली.

साहेबांनी ठिपका पाहिला, माना डोलावल्या, आणि एकानं मला विचारलं, "आपण कोण?"

"सासू," मी म्हणाले. "धपाटे घ्या."

त्यांनी दोन खाल्ले. प्रयोगशाळा चालू राहिली. आता खंडेनवमी आली की नाझनीन म्हणते, "आधी आजीचे हात बांधा, मंग पूजा करा." मी म्हणते, "आधी धपाटे बंद करते, मंग बांध."

तुझं घर कुठलं, असं विचारलं की पूर्वी केदारखेडा तोंडात यायचा. त्या दिवशी कबूल करताना मला भीती वाटली ती जालना सुटायची. तेव्हापासून मी जालना सांगते. जाऊबाईंना राग येतो, येऊ दे.

त्या खोलीत आम्ही तिघीच होतो, वर्षा, नाझनीन आणि मी. तिघी अजून जालन्यातच आहोत.