तुरुंगाला दुसरी भिंत

आमच्या गावच्या जुन्या तुरुंगात वाचनालय व्हावं म्हणून आम्ही इतके अर्ज केले, की कचेरीतला शिपाईही आता मला नावाने ओळखतो. अखेर निधी आला. आज हौसेने बघायला गेले, तर बराकीच्या छपरावर पिंपळ तसाच, आणि तुरुंगाच्या दगडी भिंतीबाहेर गवंड्याने दुसरी नवी भिंत बांधत आणलेली.

"आतलं काम?" मी विचारलं.

"पुढच्या टप्प्यात, बाई. आधी संरक्षक भिंत."

कैद्यांना आत ठेवायला एक भिंत पुरली होती. वाचणाऱ्यांना बाहेर ठेवायला दोन लागतात. धुसफुसत मी सगळ्या भिंतीला वळसा घातला आणि पुन्हा त्याच्यापाशी आले.

"हिला फाटक कुठंय?"

थापी न थांबवता तो म्हणाला, "त्याची मंजुरी वेगळी यायचीय."