ओझरच्या मळ्यातली मावशी

जुन्नरच्या आमच्या डॉक्टरांकडे म्हाताऱ्या माणसांची गर्दी असायची. निम्म्यांना आजार काहीच नसायचा, बोलायला कुणी नसायचं. मुलं मुंबईला नाहीतर पुण्याला, आणि घरात त्यांनी घेऊन दिलेला फोन. सन दोन हजारच्या सुमारास डॉक्टरांनी आम्हा काहीजणांना बोलावून सांगितलं, "तुम्ही नुसते फोन करत जा. औषधाचं मी बघतो." मी शाळेत शिकवत होते. शाळा सुटली की घरी येऊन फोन फिरवायला लागले.

माझ्या वाट्याला ओझरजवळच्या मळ्यातली एक मावशी आली होती. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. सवतीचा मुलगा तिनंच वाढवला होता, तो तिच्याबरोबर राहायचा. त्याच्या माराला कंटाळून त्याची बायको माहेरी गेली होती. फोन मावशीच्या भाचीनं बसवून दिलेला. उचलल्याबरोबर मावशी विचारायची, "आज कालवण काय केलं व्हतं?" मुलाबद्दल मात्र अवाक्षर नाही. आवाज बसलेला वाटला तर म्हणायची, "सर्दी झालीया."

एका दुपारी बोलता बोलता ती म्हणाली, "थांब गं." मागून पुरुषाचा आवाज आला, "कुणाला चुगल्या सांगती गं थेरडे?" थप्पड माझ्या कानातच फुटली. रिसिव्हर लोंबकळत राहिला असावा, कारण पुढचं सगळं ऐकू येत होतं. लाथ. "आगं आई गं!" पुन्हा लाथ. मग भिंतीवर काहीतरी आपटलं. ते तिचं डोकं आहे हे मला कसं कळलं कोण जाणे. मी ओरडत होते, "सोडा त्यांना! मी ऐकतेय सगळं!" कुणीतरी रिसिव्हर उचलला. एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद पडला.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा राहायचे. तेही आमच्यासारखेच फोन करायचे. मी अनवाणीच त्यांच्या दारात गेले. ते भरल्या ताटावरून उठले आणि त्यांनी जीप काढली.

मावशी ओट्यावर बसली होती. कानातून निघालेलं रक्त मानेवरून चोळीत उतरलं होतं. आम्हाला बघून मुलगा फावड्याचा दांडा घेऊन बाहेर आला.

"दांडा खाली ठेव, राव," चाचा म्हणाले. "आम्ही हिला दवाखान्यात नेतो."

त्यानं दांडा त्यांच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि चाचा खाली बसले. दांडा पुन्हा वर गेला. मी वीट उचलली, पण हात उठेना. तेवढ्यात मावशी उठली. ओट्यावरचा लोखंडी बत्ता घेऊन तिनं मागून त्याच्या गुडघ्यावर घातला. "माझ्या दारात पावण्याला मारतो व्हय!" तो कोसळला. तिनं तोंडावर घातला, दात सांडले. मनगटावर घातला. तो "आई, आई" ओरडत होता. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ती थांबायला नको होती. शेवटी कांद्याच्या वावरातून बायामाणसं धावत आली आणि त्यांनी तिला धरलं.

चौकीत हवालदार म्हणाला, "घरगुती भांडण हाय, मिटवून घ्या."

मावशीनं चाचांकडे बोट केलं. "ह्यांचा खांदा बी घरगुती हाय का?"

मग तक्रार घेतली गेली. मुलगा थोडे दिवस आत होता. सुटल्यावर आळेफाट्याला एका गॅरेजात राहिला, घरी आला नाही. चाचांचा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. मावशीचा एक कान कायमचा गेला. भाचीनं पुण्याला चल म्हणून हट्ट केला, पण मावशी मळ्यातून हलली नाही.

फोन दुरुस्त झाल्यावर मी पहिल्यांदा लावला, तेव्हा तिनं कालवणाचं विचारलंच नाही.

"मावशी, दुखतंय का?"

"दुखंना का," ती म्हणाली. "दात न्हाईत त्याला आता. कोण भाकर कुस्करून देत आसंल गं?"

ती रडायला लागली आणि मी फोन धरून बसून राहिले.